दहापैकी किती गमत नाही?

एकोडीच्या मंडईत मी सलग सहा वर्षं मेलो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. त्या नाटकात तिसऱ्या अंकात मरणारा थोरला भाऊ म्हणजे मी. पोटात सुरा बसल्यावर मी लगेच मरत नसे. आधी खांब धरायचो, मग आईची क्षमा मागायचो, मग पेटीवाल्याकडे बघून सुरात विव्हळायचो. लोकांनी 'वन्स मोर' म्हटलं की उठून पुन्हा सुरा खायचो. एका वर्षी तीनदा मेलो. मारणारा थकला, मी ताजातवाना होतो.

पुढे नर्सिंग शिकलो आणि भंडाऱ्याच्या एका रुग्णालयात, शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वॉर्डात लागलो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच हजेरी लावायची आहे. वॉर्डात पाऊल टाकलं तेव्हा माझी एक पक्की समजूत होती. खरं विव्हळणं कोणतं आणि खोटं कोणतं, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. ही समजूत मी वीसेक वर्षं मोठ्या लाडाने पोसली. मग गोसीखुर्दकडच्या एका काकूंनी दोन शब्दांत तिचा तिसरा अंक केला. त्या दोन शब्दांची ही गोष्ट आहे, पण नटाने थेट शेवटाला जायचं नसतं, म्हणून आधी थोडं खांब धरतो.

पेशंट मला 'ब्रदरभाऊ' म्हणतात. नर्स पुरुष असला तर ब्रदर, ही दवाखान्याची रीत. परक्या माणसाला नुसतं काय बोलवायचं म्हणून पुढे 'भाऊ', ही आमची. एकाच माणसाला दोनदा भाऊ केल्यावर त्याने इंजेक्शन हळू द्यावं, एवढीच माफक अपेक्षा त्यात असते.

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे दुखणं मोजणं. बाहेरच्यांना हे विनोदी वाटतं. ताप मोजता येतो, साखर मोजता येते, दुखणं कसं मोजणार? पण मोजावं लागतं. ऑपरेशननंतर माणसाला फार दुखलं की तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून चालत नाही, आणि मग छातीत कफ साचून नवीनच भानगड उभी राहते. उलट दुखण्याचं औषध जास्त झालं की माणूस गुंगतो आणि श्वास मंदावतो. त्यामुळे किती दुखतं यावर किती औषध हे ठरतं. त्यासाठी शहाण्या लोकांनी एक सोपी युक्ती काढली आहे. पेशंटला विचारायचं, शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे याच्यापुढे दुखूच शकत नाही, तर तुमचं किती? तो आकडा सांगतो, आपण चार्टवर लिहितो. इतकं सोपं आहे की ज्यांनी काढलं त्यांना कधी भंडारा जिल्ह्यात ड्यूटी लागली नसावी, हे लगेच कळतं.

एक निवृत्त गुरुजी होते, अपेंडिक्सचे. मी विचारलं, "गुरुजी, दहापैकी किती?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. "चार. अक्षर चांगलं आहे, पण मेहनत कमी पडून राहिली."

गुरुजी स्वतःच्या दुखण्याला नव्हे, ऑपरेशनला मार्क देत होते. चार म्हणजे काठावर पास. दोन दिवस मी त्यांना चारचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी ते आनंदाने म्हणाले, "आज नऊ!" आणि मी सुई घेऊन धावलो.

तुमसरचे एक तांदळाचे व्यापारी होते. ते आकडा सांगतच नसत, आधी माझा भाव विचारत. "तुम्ही किती लिहून राहिले?"

"सात लिहू का शेठ?"

"सात जास्त होते. पाच करा. उद्या पाहू."

सिझर झालेल्या बायांचा आकडा तर पलंगाजवळ कोण उभं आहे त्यावर ठरतो. सासू असली तर दोन, नवरा असला तर नऊ, आई असली तर अकरा. सासू बाजूने सांगतेच, "आम्ही तर चवथ्या दिवशी धानाच्या रोवण्याले चिखलात उभे होतो बाप्पा." मग दोनाचाही दीड होतो.

आणि आंबागडचा एक गडी, मांडीच्या हाडात सळई टाकलेला. कपाळावर घामाचे थेंब, हाताने पलंगाचा गज धरलेला, आणि म्हणतो, "एक असन. थोडंसंच होय." बायको चहा आणायला बाहेर पडली तसं त्याने माझं मनगट पकडलं. "ब्रदरभाऊ, दहा होय. पण तिच्यासमोर नका लिहू. थे रडते." मी तिच्यासमोर एक लिहिला आणि ती गेल्यावर त्याच्यापुढे शून्य काढलं. माझ्या आयुष्यातली ही एकमेव शासकीय खाडाखोड, जिचा मला अभिमान आहे.

तर अशा जिल्ह्यात एक दिवस यंत्र आलं.

कंपनीचा एक टायवाला पोरगा ते घेऊन आला. बोटाला चिमटा लावायचा, तारेच्या दुसऱ्या टोकाला छोटा पडदा. माणसाला दुखलं की नाडी वाढते, बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. यंत्र ते बघतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा दाखवतं. तीसच्या आत असलं तर पेशंट आरामात. पन्नासच्या वर गेलं की पिपाणी वाजते. पोरगा म्हणाला, "सर, आता पेशंटला विचारायची गरजच नाही. दुखणं वस्तुनिष्ठ झालं."

आमच्या मोठ्या साहेबांनी उत्साहाने चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. आकडा आला बावीस. तेवढ्यात नागपूरच्या वरिष्ठांचा फोन वाजला आणि आकडा झाला एकाहत्तर. साहेबांनी चिमटा काढून खिशात हात घातला आणि म्हणाले, "महिनाभर वापरून पाहा. ब्रदर, रिपोर्ट तुम्ही लिहा."

त्या यंत्राचं नाव आम्ही 'ठाणेदार' ठेवलं. ते कोणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवत नव्हतं.

ठाणेदाराचे पराक्रम किती सांगू? एक निवृत्त कारकून किंचाळत होते, अख्खा वॉर्ड जागा होता आणि पडद्यावर चौदा. ठाणेदाराच्या मते माणूस नाटक करत होता. मग कळलं, ते रक्तदाबाची अशी गोळी घेत होते की नाडी वाढायचीच नाही. हर्नियाचे एक आजोबा शांत पडले होते, एकोणीस. भाऊ भेटायला आला, दोघांत शेतातल्या धुऱ्याची, म्हणजे सामाईक बांधाची, गोष्ट निघाली आणि आकडा अठ्ठ्याऐंशी. पिपाणी थांबेना. मी चार्टवर प्रामाणिकपणे लिहिलं, 'वेदना: धुऱ्याची.' थंडीचे दिवस होते, हात गार पडले की ठाणेदार आणखी बहकायचा. दर वेळी माझा आनंद गगनात मावत नसे. मी रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद मनात लिहूनही ठेवला होता. त्यात 'अनुभवी कर्मचारी' हा शब्द चार वेळा येत होता.

आणि तिसऱ्या आठवड्यात सुभद्राकाकू आल्या.

काकू साठीच्या. त्यांचं जुनं गाव वैनगंगेच्या काठावर होतं, ते गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. आता नव्या गावठाणात राहतात, जिथे रस्ते सरळ आहेत आणि घरांना नंबर आहेत. पित्ताच्या पिशवीत खडे झाले म्हणून आल्या होत्या. सोबत नवरा नामदेवकाका, गळ्यात रुमाल, जिभेवर उत्तर तयार. भरती करताना मी विचारलं, "काकू, आणखी काही तक्रार?" तर काकूंच्या आधी काकाच बोलले, "तिची एकच तक्रार होय जी. तिले गमत नाही. गाव सुटलं तवापासून गमत नाही. सगळ्या डॉक्टरांले सांगून झालं."

काकू हसल्या. "अंगणातून नदी दिसे, बाबू. सकाळी डोंगेवाले नदीतले झिंगे द्याले दारातच येत. आता नळ येते. नळाशी काय बोलन?"

गमत नाही म्हणजे काय, हे पुण्या-कोल्हापूरच्या वाचकांसाठी सांगतो. तुम्ही 'करमत नाही' म्हणता ना, तेच आमचं 'गमत नाही'. सासरी नवीन गेलेली पोरगी, मामाच्या गावी ठेवलेलं पोट्टं, बैल विकलेला माणूस, सगळ्यांना गमत नाही. लहानपणापासून हा शब्द मी इतका ऐकला आहे की त्याचा अर्थ विचारणारा माणूस मला मूर्ख वाटायचा.

सकाळी ऑपरेशन झालं. दुर्बिणीचं, चार बारीक भोकं, सगळं व्यवस्थित. ऑपरेशन केलं ते आमच्या नवीन सर्जन मॅडमनी. त्या कोल्हापूरकडच्या, येऊन दोनच महिने झालेले. आमची बोली त्यांना कळत नसे, आणि भाषांतराचं काम मोठ्या रुबाबात मी करायचो. दुपारी काकू वॉर्डात आल्या. मी बोटाला ठाणेदार लावला आणि विचारलं, "काकू, दहापैकी किती दुखते?"

"दोन लिही ना, बाबू."

ठाणेदार म्हणाला एकतीस. ठीक होतं. तीन वाजता नाडी, रक्तदाब पाहिला. नाडी थोडी जलद होती, ऑपरेशनच्या दिवशी असतेच. पुन्हा विचारलं, पुन्हा दोन. पण काकू आता चादर सारत होत्या. या कुशीवर, त्या कुशीवर. बसवा म्हणाल्या, बसवलं. निजवा म्हणाल्या, निजवलं. पाणी मागितलं, आणि ओठ ओले केले तर तोंड फिरवलं.

"काय होऊन राहिलं काकू? दुखते का?"

"नाही दुखत."

"मग?"

"मले गमून नाही राहिलं."

स्टुलावरून काकांनी हात उडवला. "घ्या! इथंही तेच गाणं. अवो, नव्या घरात गमत नाही, लेकीकडे गमत नाही, तर दवाखान्यात कायले गमन?"

मी हसलो. नुसता हसलो नाही, वरून संवादही टाकला. "काकू, इथं आम्हालेच गमत नाही, तुम्हाले कसं गमन? दोन दिवसांनी घरी जा, मस्त गमन." बाजूच्या पलंगावरचे दोघं हसले. नटाला एवढं पुरतं.

तेवढ्यात ठाणेदाराची पिपाणी वाजली. अठ्ठावन्न. मग त्रेसष्ट. काकूंचा हात धरला तर गार, ओलसर. मी म्हटलं, झालं, गार हात, याला पुन्हा वेड लागलं. बाई स्वतः सांगते दुखत नाही, माझे अनुभवी डोळे सांगतात दुखत नाही, आणि हा पिपाण्या वाजवतो. मी चिमटा काढला, बटन बंद केलं आणि ठाणेदाराला टेबलावर पालथं ठेवलं. त्या वेळी मला वाटलं होतं ते असं, की रिपोर्टला आणखी एक किस्सा मिळाला.

नाडी का जलद? बाई अस्वस्थ आहे म्हणून. बाई अस्वस्थ का? गमत नाही म्हणून. बघा कसं गोल गोल आणि सुबक. वीस वर्षांचा अनुभव लागतो असं तर्कशास्त्र जमायला.

चारच्या सुमाराला मॅडम राउंडला आल्या. काकूंच्या पलंगाशी थांबल्या. "काय आजी, कसं वाटतंय?"

"गमत नाही."

"गमत नाही म्हणजे?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी दुभाष्याच्या थाटात पुढे झालो. "करमत नाही म्हणतात त्या, मॅडम. घरची आठवण. जुनंच आहे त्यांचं."

दुसरा कोणी असता तर मान हलवून पुढे गेला असता. मॅडम गेल्या नाहीत. त्यांना तो शब्द माहीत नव्हता, आणि माहीत नसलेल्या शब्दावर त्यांचा माझ्याइतका विश्वास नव्हता. त्या वाकल्या. "आजी, कधीपासून गमत नाही?"

"तासभर झाला असन."

"तासभर?" काका उसळले. "दहा वर्षं होऊन राहिली, मॅडम!"

काकूंनी डोळे न उघडता मान हलवली. "थे वेगळं. हे वेगळं."

मॅडमनी मनगट धरलं. पापणी खाली ओढून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं. एखाद्याचा चेहरा वाचण्यात मी हुशार आहे, हे मी मघाशी सांगितलंच. नाडी एकशे तीसकडे गेली होती, रक्तदाब ऐंशीवर उतरला होता. काकूंच्या पोटात आतल्या आत रक्त जात होतं. अशा माणसाला कधी कधी दुखत नाहीच. त्याला फक्त जीव कुठेच लागत नाही, हवा पुरत नाही, या कुशीवरून त्या कुशीवर होतो. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. काकूंनी अचूक मराठीत सांगितलं होतं. मी परीक्षेत ते लांबलचक नाव लिहून पास झालो होतो आणि साधं नाव ऐकून हसलो होतो.

पुढची धावपळ मी रंगवून सांगू शकतो, पण सांगणार नाही. ट्रॉली ढकलली, रक्ताची पिशवी आणली, दारं बंद झाली.

बाहेर नामदेवकाका भिंतीला टेकून उभे होते. हातात काकूंच्या चपला. खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"ब्रदरभाऊ," ते म्हणाले, "चाळीस वर्षं झाली लग्नाले. थे वेगळं आणि हे वेगळं, मले काहून नाही समजलं?"

मी त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या आणि धरून उभा राहिलो. आता दोघांपैकी एकाचे हात मोकळे होते, एवढाच काय तो उपचार.

काकू वाचल्या. आतली एक बारीक रक्तवाहिनी सुटली होती, ती मॅडमनी बांधली. मॅडम हात धुऊन बाहेर आल्या, काकांशी बोलल्या, मग मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "मॅडम, यंत्र वाजत होतं. चिमटा मी काढला. बंद करून ठेवलं."

त्या म्हणाल्या, "यंत्र म्हणत होतं काहीतरी होतंय. आजी म्हणत होत्या दुखत नाही. दोघंही खरंच बोलत होते की. खोटं फक्त भाषांतर होतं, ब्रदर."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्यावर मला अभिनय करता येतो.

महिनाअखेरीला रिपोर्ट लिहायला बसलो. 'अनुभवी कर्मचारी'वाला परिच्छेद मी मनातून खोडला. कंपनीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: यंत्राचे मत व कर्मचाऱ्याचे मत यात फरक पडल्यास कोण बरोबर ठरले? खाली दोन चौकोन, 'यंत्र' आणि 'कर्मचारी'. मी दोन्ही कोरे ठेवले आणि बाजूला लिहिलं, 'मॅडम, कारण त्यांना आमची भाषा येत नाही.' कंपनीकडून अजून काही उत्तर नाही. ठाणेदार खोक्यात बसून परत गेला. जाताना मी त्याच्या पडद्यावरची धूळ पुसली. चोराने ठाणेदाराला सलाम करावा तसं काहीसं.

पण ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मी आणखी एक काम केलं होतं. दुखण्याच्या चार्टवर शेवटच्या रकान्याशेजारी पट्टीने एक नवीन रकाना आखला आणि त्यावर लिहिलं: 'गमते का?' मोठ्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, वस्तुनिष्ठ नाही साहेब, पण असू द्या. मॅडमनी चष्म्यातून पाहिलं आणि त्याखाली आपल्या अक्षरात भर घातली: 'कधीपासून?'

काकूंना घरी सोडायचा दिवस आला. नामदेवकाकांनी पिशवी भरली होती, चपला पायापाशी लावून ठेवल्या होत्या. मी चार्ट घेऊन गेलो. नाडी, ताप, टाके, सगळं नीट. नवीन रकाना राहिला होता.

"काकू, आता गमते का?"

"नाही गमत," काकू म्हणाल्या.

माझ्या हातून पेन पडलं. मी मनगट धरलं, रक्तदाब घेतला, यंत्रावर विश्वास नाही म्हणून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घेतला, पापणी ओढून पाहिली, आणि मॅडमना बोलवायला वळलो तर काकूंनी माझा शर्ट धरला.

"अरे घाबरू नको, बाबू. हे जुनंवालं होय."

मी पेन उचललं. रकान्यात लिहिलं, 'नाही.' कधीपासून? 'जुनं.' त्याच्यापुढे औषधाचा रकाना असतो. तो तसाच ठेवला.

काकांनी पिशवी खांद्याला अडकवली. "चाल, घरी जाऊ."

"कोणत्या?" काकूंनी विचारलं.

काका थांबले. गळ्यातला रुमाल काढला, पुन्हा टाकला. "हाये थ्याच," ते म्हणाले. "झिंगे आणतो पवनीच्या बाजारातून. मी आवाज देतो डोंगेवाल्यासारखा. दारातूनच."

"तुमचा आवाज?" काकू हसायला लागल्या आणि पोटावर हात दाबून धरला. "हसवू नका जी, दुखते."

"किती दुखते?" मी विचारलं. "दहापैकी?"

"दोन लिही ना, बाबू."

या खेपेला मी आधी नाडी पाहिली. मग दोन लिहिलं.